साफ करून जोडलेला प्रिंटर रुसला तर...

एखादे यंत्र साफसफाईसाठी खोलले आणि पुन्हा जोडल्यावर ते चालेनासे झाले, की आपल्या घरांत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. ज्या पोराने पेचकस हाती धरला त्याला घरादाराची बोलणी बसतात, आणि कोणीतरी जाणता म्हणवणारा माणूस निकाल देऊन मोकळा होतो, "हे गेलं आता, नवं घ्या." दोन्हींत नुकसान समाजाचेच आहे. पोराचा हात कायमचा आखडतो आणि वर्गणीचा पैसा विनाकारण खर्ची पडतो. म्हणून लेझर प्रिंटर या यंत्राविषयी चार उपयोगाच्या गोष्टी आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

परभणी तालुक्यातील पेडगाव हे परभणी-मानवत रोड लोहमार्गावरचे गाव. येथे आमच्या वस्तीतील अभ्यासिकेसाठी वर्गणी करून एक जुना लेझर प्रिंटर घेतलेला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आता ऑनलाइन भरतात. परंतु महाविद्यालयात त्याची छापील प्रत, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असा कागदांचा गठ्ठा द्यावाच लागतो. प्रत्येक कागदासाठी परभणी गाठायची म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आणि आईबापांपैकी एकाचा बुडालेला रोज. मुदत चुकली तर त्या मुलाची वर्षाची फीच अडते. असा हा प्रिंटर छपाईवर फिकट पट्टे काढू लागला, म्हणून अभ्यासिकेतील दोन मुले आणि एक मुलगी यांनी तो खोलून पुसला. जोडल्यावर छपाई तर दूरच, नुसता लाल दिवा लागून राहिला. अर्जाच्या मुदतीला चार दिवस उरले होते.

आधी यंत्राचे काम समजून घ्या

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हे आपण लहानपणी पाहिलेले आहे. लेझर प्रिंटर त्याच विजेवर चालतो. कार्ट्रिजमध्ये एक चकचकीत, बहुधा हिरव्या किंवा निळ्या रंगाची नळी असते, तिला ड्रम म्हणतात. तिला टेकून फिरणारा एक रोलर तिच्यावर सारखा विद्युतभार चढवतो. मग लेझरचा किरण ज्या जागी अक्षर हवे तेवढ्याच जागेवर पडतो आणि तेथला भार उतरतो. टोनर म्हणजे काळी बारीक भुकटी नेमकी त्या जागी चिकटते. खालून कागद सरकतो. कागदाखालचा दुसरा रोलर ती भुकटी कागदावर ओढून घेतो. शेवटी फ्यूजर नावाचा भाग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता आणि दाब देऊन भुकटी वितळवतो व कागदावर पक्की बसवतो.

भार चढणे, किरण पडणे, भुकटी चिकटणे, कागदावर उतरणे, पक्की होणे, अशा या पाच पायऱ्या होत. पान कसे बिघडले आहे ते नीट पाहिले, की कोणती पायरी चुकली ते पानच सांगते.

अंदाज नको, क्रम हवा

हिशेबाचा ताळा जुळत नसला की आम्ही कारकून मंडळी सगळी वही फाडून टाकत नाही. शेवटची बरोबर निघालेली बेरीज कोठे आहे ते पाहतो आणि तेथून पुढच्या नोंदी एकेक करून तपासतो. प्रिंटरचेही तसेच आहे. काल तो चालत होता, आज चालत नाही, आणि मध्ये फक्त आपले हात लागले आहेत. तेव्हा कारणही बहुतेक वेळा हात लागले तेथेच असते. मुख्य भाग जळण्याचा संभव थोडा. एखादी पिन सैल राहण्याचा, स्प्रिंग निसटण्याचा, खिटी अर्धवट बसण्याचा संभव फार.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले, की एखादी गोष्ट ऐकीव आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली आहे एवढ्यावरून ती मानू नका, स्वतः पारखून घ्या. "नवं घ्या" हा सल्लाही पारखूनच घ्यावा.

तीन बिघाड, तीन कारणे

पहिला बिघाड लाल दिव्याचा. आत कागद नसतानाही यंत्र 'कागद अडकला' असे सांगत होते. कागदाच्या वाटेवर काळ्या प्लास्टिकची छोटी दांडी असते. कागद आला की ती कलते, कागद गेला की बारीक स्प्रिंगच्या जोरावर परत येते. पुसताना स्प्रिंगचे टोक आकड्यातून सुटले होते. दांडी कललेलीच राहिली, म्हणून यंत्राला सदैव कागद दिसत होता. मुलीने बॅटरीच्या उजेडात बोटाने दांडी हलवून पाहिली, ती परत येईना तेव्हा कारण सापडले. चिमट्याने स्प्रिंग अडकवली, लाल दिवा गेला.

दुसरा बिघाड अधिक भीतीदायक. पान निघाले ते संपूर्ण काळे. पाहणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. परंतु पाच पायऱ्या आठवा. किरणाने भार उतरतो तेथे भुकटी चिकटते; भार मुळात चढलाच नाही तर ती सगळीकडे चिकटणार. म्हणजे दोष पहिल्या पायरीत. कार्ट्रिजला वीज पोचवणाऱ्या धातूच्या स्प्रिंगा यंत्राच्या आतल्या बाजूला असतात. त्यांतील एक पुसताना दबून प्लास्टिकखाली गेली होती. प्लग काढून, काही वेळ थांबून ती जागेवर आणली.

तिसऱ्या वेळी अक्षरे स्वच्छ उमटली, पण बोट फिरवताच पुसली गेली. भुकटी उतरली होती, पक्की झाली नव्हती, तेव्हा दोष फ्यूजरचा. त्याच्या दोन्ही बाजूंस दाब देणाऱ्या खिट्ट्या असतात. साफ करताना त्या वर केलेल्या होत्या, खाली करायच्या राहिल्या होत्या. यंत्र थंड झाल्यावर त्या दाबल्या आणि पान पक्के निघाले. नवा भाग एकही लागला नाही, अर्ज मुदतीत गेले.

अर्ध्या पानाची परीक्षा

कारण कोठे शोधावे हे कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. यंत्राचे स्वतःचे चाचणी-पान काढायला लावा. कागद अर्ध्या वाटेवर असताना झाकण उघडा, म्हणजे यंत्र थांबते. कार्ट्रिज बाहेर काढून ड्रमवर झटकन नजर टाका.

ड्रमवर अक्षरेच नाहीत, तर दोष भार, किरण किंवा भुकटी यांपैकी एकात. ड्रमवर अक्षरे आहेत पण ड्रमखालून गेलेल्या कागदावर नाहीत, तर दोष कागदाखालच्या रोलरचा किंवा त्याच्या वीजजोडणीचा. कागदावर अक्षरे आली आहेत, तर तेथपर्यंतचे काम बरोबर आहे आणि पुढे फक्त फ्यूजर उरतो. या परीक्षेत ड्रमला उजेड फार वेळ लागू देऊ नये. उजेडाने तो खराब होतो.

चाचणी-पान चांगले निघते पण संगणकावरून काही छापत नाही, असे असेल तर यंत्राला हात लावू नका. तेथे दोष जोडवायरीत किंवा संगणकातील मांडणीत आहे.

लक्षण पाहा, जागा ओळखा

यंत्रात जीवच नाही: झाकण नीट बसलेले नाही. झाकण बंद झाल्याची खूण देणारे बटण दबले का ते पाहा.

पान कोरे: नव्या कार्ट्रिजची सीलपट्टी तशीच राहिली आहे, किरणाच्या वाटेवरचा पडदा उघडत नाही, किंवा कागदाखालच्या रोलरला वीज पोचत नाही.

उभी पांढरी रेघ: किरणाच्या वाटेवर, काचेवर धूळ किंवा भुकटी. उभी काळी रेघ: ड्रमवर ओरखडा, किंवा ड्रम पुसणारी पट्टी खराब.

ठरावीक अंतरावर तोच ठिपका: कोणत्या तरी रोलरवर डाग. येथे फूटपट्टी घ्या. दोन ठिपक्यांतील अंतर हा त्या रोलरचा परीघ असतो. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ७५ मिलिमीटर भरतो. शाळेत शिकलेले वर्तुळाचे गणित असे कामाला येते.

कागद ओढत नाही: रबरी रोलर उलटा किंवा अर्धवट बसला आहे, अथवा त्याला तेलकट हात लागला आहे. दमट फडक्याने पुसून वाळू द्या.

खडखड आवाज: गिअर दात सोडून बसला आहे. ताबडतोब बंद करा.

चपट्या पट्टीसारख्या वायरींकडे विशेष लक्ष द्यावे. त्या तिरप्या बसल्या तर एकाच वेळी नाना बिघाड दिसतात.

खोलण्यापूर्वी एवढे करा

प्लग काढा आणि किमान अर्धा तास थांबा. फ्यूजर हात भाजवतो. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. कोऱ्या कागदावर यंत्राचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागीच चिकटपट्टीने लावा, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते. जोडून झाल्यावर एखादा स्क्रू किंवा तुकडा उरला तर वीज सुरू करू नका.

ड्रमला बोट लावू नका. तो बाहेर काढलात तर काळ्या कापडाखाली झाका. कागदाखालच्या स्पंजासारख्या रोलरलाही हात नको. सांडलेली भुकटी फुंकू नका, ती श्वासात जाते. नाकाला रुमाल बांधा, सुक्या फडक्याने हलके टिपा. हात गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने भुकटी चिकट होते. घरगुती व्हॅक्यूम क्लिनर वापरू नये. पेट्रोल, थिनर आतल्या भागांना अजिबात लावू नये.

वीजपुरवठ्याचा बंद डबा, लेझरची पेटी आणि फ्यूजरचा आतला भाग हे तीन भाग घरी खोलायचे नाहीत. झाकण उघडे ठेवून बटण दाबून यंत्राला फसवणे तर धोक्याचेच. लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे निकामी करू शकतो. या भागांसाठी कारागिराकडे जावे आणि आपण काय काय तपासले ते त्याला सांगावे. छोट्या इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर लावू नये, कारण फ्यूजर तापताना फार वीज ओढतो.

छपाईचे साधन आणि आपण

३१ जानेवारी १९२० रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे चळवळीचा स्वतःचा 'भारत भूषण' छापखाना उभा राहिला. 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत', ही पत्रे पैशाची ओढाताण सोसून चालवली गेली. ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती त्या समाजाने अक्षर छापण्याचे साधन हाती घेतले, ही लहान गोष्ट नव्हे.

आज तेच साधन टेबलावर मावते. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत विजेच्या भाराने पहिली कोरडी प्रत काढली. त्याच तत्त्वावर झेरॉक्स कंपनीचे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर घडवला, तो १९७७ साली बाजारात आला आणि १९८४ पासून टेबलावरची यंत्रे मिळू लागली. हे यंत्र वापरण्यापुरते आपले असून भागणार नाही, ते दुरुस्त करणारे हातही आपल्या वस्तीत तयार झाले पाहिजेत, आणि त्यांत मुलींचे हात असले पाहिजेत.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या विहारात, अभ्यासिकेत किंवा मंडळात प्रिंटर आहे तेथे एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला काय खोलले, कोणता बिघाड दिसला, कारण काय निघाले, हे ज्याने काम केले त्यानेच लिहावे. खोलणाऱ्या पोरापोरींवर ओरडू नये. ती वही आणि पेचकस त्यांच्याच हाती द्यावा. पुढच्या शिष्यवृत्तीच्या हंगामापूर्वी एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसून मुलांना या पाच पायऱ्या प्रत्यक्ष यंत्रावर दाखवाव्यात.

जयभीम!