फातिमा : एका नांवाचें मूळ आणि कूळ

शाळेच्या पटावर रमा, उमा, सुशीला अशीं नांवें वाचतांना त्यांचा अर्थ मनांत आपोआप उमटतो. त्याच पटावर पुढें फातिमा हें नांव आलें, कीं आपण तें नुसता ध्वनि म्हणून उच्चारतों आणि पुढच्या नांवाकडे वळतों. शेजारच्या घरांतल्या मुलीस रोज हांक मारलेली ऐकावी आणि त्या हांकेचा अर्थ जन्मभर ठाऊक नसावा, ही गोष्ट यास्काचें निरुक्त अभिमानानें मिरविणाऱ्या आम्हां मंडळींस फारशी शोभणारी नाहीं. म्हणून या एकाच नांवाचा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. आमच्या परिचयांतील कित्येक सुशिक्षित गृहस्थ फातिमा या शब्दाचा संबंध ‘फत्ते’शीं जोडतात. कानाला तसें वाटतें खरें. परंतु तो भास आहे. फत्ते, कुराणाचा आरंभींचा अध्याय जो फातिहा, आणि अक्कलकोटच्या फत्तेसिंह भोसल्यांचें नांव, या सर्वांचें मूळ फ-त-ह, म्हणजे उघडणें. किल्ल्याचे दरवाजे उघडले, कीं फत्ते झाली. फातिमेचें मूळ फ-त-म असें निराळें आहे, आणि त्यांतला तकारहि निराळा. फत्तेमधील त आपल्या तकारासारखा दन्त्य आहे. फातिमेंतील त जिभेचा मागचा भाग उचलून जड करून उच्चारावयाचा. अरबी लिपींत या दोहोंस दोन स्वतंत्र अक्षरें आहेत. आपल्या नागरींत ही खूण नाहीं. ज्या लिपीचा आपण एवढा अभिमान बाळगतों, तिच्यांतूनहि कांहीं निसटतें, हें अधूनमधून आठवलेलें बरें.

अरबी भाषेंत बहुतेक शब्दांचें मूळ तीन व्यंजनांचें असतें. आपल्याकडे धातूच्या शेवटीं प्रत्यय लागतो. तिकडे प्रत्यय तर आहेतच, पण मुख्य काम धातूच्या पोटांत स्वर भरून होतें. पहिल्या व्यंजनानंतर दीर्घ आ आणि दुसऱ्यानंतर ऱ्हस्व इ घातला, कीं कर्तरि कृदन्त तयार होतें. ह-क-म पासून हाकिम, म्हणजे हुकूम करणारा. म-ल-क पासून मालिक, ज्याला आपण मालक म्हणतों. कवि या अर्थाचा शाइर याच घडणीचा; मराठीनें त्याचा शाहीर केला आणि त्याच्या हातीं डफ दिला. अशा रूपास स्त्रीलिंगी आकार जोडला, म्हणजे पाणिनीच्या टाप् प्रत्ययाची आठवण होते. कायदा आणि फायदा हे दोन शब्द याच स्त्रीलिंगी साच्यांतून निघालेले आहेत. मराठींत आल्यावर ते पुल्लिंगी झाले, एवढेंच. तेव्हां कचेरींतला कायदा, बाजारांतला फायदा आणि शेजारची फातिमा हीं तिन्ही एकाच मुशींत ओतलेलीं रूपें आहेत, असें सांगितलें तर वाचकांस गंमत वाटेल. पण तें व्याकरणदृष्ट्या अगदीं सरळ सत्य आहे.

आतां अर्थ. फ-त-म म्हणजे तान्ह्या मुलाचें अंगावरचें दूध तोडणें. फातिमा म्हणजे दूध तोडविणारी. ज्या उंटिणीचें पिल्लूं दूध तोडण्याच्या वयाचें झालें, तिला अरबी कोशकार फातिम म्हणतात, आणि दूध तुटलेल्या बालकास फतीम. वाळवंटांतल्या पशुपालकांच्या संसारांतला हा शब्द आहे. त्यांत ना कमळ, ना चंद्र, ना देवता.

असला घरगुती अर्थाचा शब्द जन्मलेल्या मुलीस नांव म्हणून कां द्यावा, असा प्रश्न आमच्यासारख्या पुस्तकी माणसास पडतो. ज्या घरांत एखादें बाळ दगावलें आहे, त्या घरच्या आईस तो पडणार नाहीं. जुन्या काळीं, मग तो हिजाजांतला असो कीं कोंकणांतला, मुलाचें पहिलें आणि दुसरें वर्ष म्हणजे संसारांतला अवघड घाट होता. आईचें दूध सुटून मूल अन्नावर तगलें, म्हणजे घर सुटकेचा श्वास सोडी. मुलीला फातिमा म्हणणें म्हणजे, आमच्या समजुतीप्रमाणें, तीन पायऱ्यांचा आशीर्वाद आहे : ही जगो, हिला मूल होवो, आणि तें मूल दूध तुटण्याच्या वयापर्यंत सुखरूप वाढो. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ यापेक्षां हा आशीर्वाद अधिक सावध आहे. किती मुलें, याचा त्यांत उल्लेख नाहीं; जें होईल तें हातीं लागो, एवढीच मागणी आहे.

कुराणांत अंगावर पाजण्याची मुदत दोन वर्षें सांगितली आहे. तेथें मात्र दूध तोडण्यास योजलेला शब्द फिसाल असा दुसरा आहे. त्याचें मूळ फ-स-ल, वेगळें करणें. या मुळाची संतति मराठींत भरपूर नांदते : दोन पक्ष वेगळे करणारा फैसला, गोष्टी सुट्या सुट्या करून सांगणारा तपशील, आणि हंगामाहंगामानें येणारी फसल. फ-त-म या मुळानें मात्र आम्हांस फातिमेवांचून दुसरें कांहीं दिलेलें आढळत नाहीं.

जातां जातां एक मौज. पारस्कराच्या गृह्यसूत्रांत मुलीच्या नांवाविषयीं असा दंडक आहे, कीं त्याचीं अक्षरें विषम असावींत आणि शेवटीं आकार असावा. फा-ति-मा हीं तीन अक्षरें, आणि शेवट आकारान्त! आमच्या हल्लीं नातवंडांसाठीं निवडल्या जाणाऱ्या कित्येक नांवांपेक्षां हें अरबी नांव सूत्रकाराच्या कसोटीस अधिक उतरतें.

हें नांव इस्लामच्या पूर्वींपासून अरबांत होतें. मोहंमद पैगंबरांच्या वडिलांच्या आईचें नांव फातिमा. अलींच्या आईचेंहि फातिमा. पुढें दुसरे खलीफा झालेले उमर ज्या बहिणीच्या घरीं कुराणाचीं वचनें ऐकून पालटले, असें परंपरा सांगते, तिचेंहि नांव फातिमाच. हदीसांत अशी हकीकत आहे, कीं पैगंबरांकडे भेट आलेलें एक रेशमी वस्त्र त्यांनीं अलींकडे देऊन, तें कापून ‘फवातिम’ मध्यें, म्हणजे सगळ्या फातिमांमध्यें, ओढण्यांसाठीं वांटावयास सांगितलें. एका घराण्यांत एकाच नांवाच्या स्त्रिया इतक्या, कीं त्यांचें अनेकवचन करावें लागलें.

परंतु जगभर हें नांव पसरलें तें पैगंबर आणि खदीजा यांच्या कन्येमुळें. तिचा विवाह अलींशीं झाला. हसन आणि हुसेन हे तिचे पुत्र. इ. स. ६३२ मध्यें वडील वारले आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, त्याच वर्षीं, तीहि गेली. हुसेन यांचा करबला येथें ६८० मध्यें वध झाला, तो तिनें पाहिला नाहीं. तरी मोहरमाच्या शोकगीतांत ती आई म्हणून सतत उभी असते. जिच्या नांवाचा अर्थच मूल वाढवून स्वतंत्र करणारी, तिच्या मुलाचा असा अंत व्हावा! नांवाचा अर्थ कळल्यावर तीं शोकगीतें कानाला निराळीं लागतात.

तिच्या चरित्रांतील एक प्रसंग बुखारींच्या हदीससंग्रहांत आहे, तो आमच्या भगिनीवर्गास विशेष जवळचा वाटेल. जातें ओढून ओढून फातिमेच्या हातांस घट्टे पडले. घरकामास एखादी दासी मिळावी, म्हणून ती वडिलांकडे गेली. वडिलांनीं दासी दिली नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं ईश्वराचें पावित्र्य ३३ वेळां, त्याची स्तुति ३३ वेळां आणि त्याचें थोरपण ३४ वेळां उच्चारावें, हें दासीहून बरें, असें त्यांनीं सांगितलें. शंभरांची ही स्मरणी आजहि ‘फातिमेची तस्बीह’ या नांवानें म्हटली जाते. जात्याशीं बसून देवाचें नांव घेणें म्हणजे काय, हें आमच्या आजीच्या पिढीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दासी न मिळाल्याबद्दल तिनें वडिलांस दोन शब्द सुनावलेहि असते, तो भाग निराळा.

भक्तांनीं तिला अनेक उपपदें दिलीं. जहरा, म्हणजे तेजस्विनी. ‘उम्मे अबीहा’, म्हणजे आपल्या बापाची आई. मातृमुखी लेकीला ‘माझी आईच ती’ म्हणणाऱ्या मराठी बापाला हें विचित्र वाटणार नाहीं. बतूल, म्हणजे विरक्त कुमारी. हेंच उपपद मुसलमान लोक येशूची माता मरियम हिलाहि लावतात. मूळ शब्दाची भक्तिपर व्युत्पत्तिहि झाली. दूध तोडणें म्हणजे अलग करणें. म्हणून जी आपल्यावर प्रेम करणाऱ्यांस नरकाग्नीपासून अलग करते ती फातिमा, असें शिया परंपरा सांगते. व्याकरणाचा अर्थ आणि श्रद्धेचा अर्थ शेजारीं शेजारीं नांदूं देण्याची ही रीत निरुक्ताच्या अभ्यासकांस परिचित आहे.

तिच्या नांवानें राजघराणेंहि झालें. फातिमी खलीफांचें राज्य ९०९ पासून ११७१ पर्यंत चाललें. ९६९ मध्यें त्यांनीं कैरो वसविलें. तेथील अल्-अजहर या मशिदीचें आणि विद्यापीठाचें नांव जहरा या उपपदावरून पडलें, असें सामान्यतः मानतात. आपल्या मुंबईंतले दाऊदी बोहरी स्वतःची परंपरा याच फातिमी इमामांपर्यंत नेतात. कैरोंतील अल्-हाकिम मशिदीचा जीर्णोद्धार १९८० च्या सुमारास बोहऱ्यांच्या सय्यदना बुऱ्हानुद्दीन यांनीं करविला. बोहरी घरांत हें नांव फातेमा असें उच्चारतात.

देशोदेशीं त्याचीं रूपें पालटलीं. तुर्कस्तानांत फात्मा, इराणांत फातेमे, पश्चिम आफ्रिकेंत फातूमाता, आणि त्याचें लाडकें रूप फातू. इराणांत तर मुलींच्या नांवांत हें वर्षानुवर्षें अग्रभागीं राहिलेलें आहे. तेथील कूम शहराची सारी प्रतिष्ठा इमाम रझा यांच्या फातिमा मासूमा नांवाच्या बहिणीच्या कबरीवर उभी आहे.

लोकप्रियतेची एक दुःखद बाजूहि आहे. उत्तर आफ्रिकेंत फ्रेंचांचें राज्य असतां गोऱ्या घरांत काम करणारी कोणतीहि मुसलमान बाई ‘फात्मा’ ठरे. तिचें खरें नांव विचारण्याची तसदी मालकीण घेत नसे. फ्रेंच भाषेंत तो शब्द मोलकरणीसाठीं सामान्यनाम होऊन बसला. पैगंबरांच्या कन्येचें नांव असें भांडीं घासावयास लावलेलें वाचून आमच्या एका स्नेह्यांस संताप आला. आम्हीं त्यांस इतकेंच विचारलें, कीं मुंबईच्या पांढरपेशा बिऱ्हाडांत घरगड्याला ‘रामा’ म्हणत, त्याचें पाळण्यांतलें नांव तुमच्या वडिलांस तरी ठाऊक होतें काय? गोविंद असो, धोंडू असो, चाळीची पायरी चढला कीं तो रामा. रामनवमीचा उत्सव करणाऱ्या घरांतच हें चाले, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे.

या नांवाचा सर्वांत नवलाचा प्रवास पोर्तुगालांत झाला. त्या देशाच्या दक्षिण आणि मध्य भागांवर कित्येक शतकें मुसलमानांचा अंमल होता. तेथील ओरें गांवाजवळ फातिमा नांवाचें एक खेडें होतें. एका मूर राजकन्येवरून तें नांव पडलें, अशी दंतकथा सांगतात. १९१७ सालीं मे महिन्याच्या १३ तारखेपासून ऑक्टोबरच्या १३ तारखेपर्यंत ल्युसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या तीन गुराखी मुलांस तेथें मरियमेचें दर्शन झाल्याची वार्ता पसरली. तें खेडें कॅथोलिक जगाचें मोठें यात्रास्थान झालें. धाकट्या दोन भावंडांस १३ मे २०१७ रोजीं संतपद देण्यांत आलें. १९१७ च्या दर्शनानंतर कॅथोलिक आईबाप मुलीचें नांव हौसेनें मारिया द फातिमा असें ठेवूं लागले. पोर्तुगीजांचा अंमल १९६१ पर्यंत असलेल्या गोव्यांत, आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्तींतहि, फातिमेच्या नांवाचीं देवळें आणि शाळा आहेत. गोव्याच्या एकाच रस्त्यावर ख्रिस्ती फातिमा आणि मुसलमान फातिमा परस्परांस भेटूं शकतात. एकीचें नांव पैगंबरांच्या कन्येवरून, दुसरीचें येशूच्या मातेवरून, आणि दोघींच्याहि नांवाचा अर्थ तोच, दूध तोडविणारी.

मुंबईचीच आणखी एक फातिमा येथें सांगितली पाहिजे. १९२६ मध्यें ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा बोलपट-पूर्व काळांतला चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या फातिमा बेगम या हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिका मानल्या जातात. १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा ही त्यांची मुलगी.

आणि पुण्याची फातिमा शेख. सावित्रीबाई फुले माहेरीं नायगांवीं आजारी असतां त्यांनीं १० ऑक्टोबर १८५६ रोजीं जोतीरावांस जें पत्र लिहिलें, त्यांत फातिमेचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरींत कामाचा भार तिच्यावर पडला असेल, तरी ती कुरकुर करणार नाहीं, असा त्याचा आशय. तिच्याविषयींचा समकालीन पुरावा याहून फार थोडा आहे, आणि त्यावरून अलीकडे पुष्कळ वादहि माजले. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. पत्रांत आडनांव नाहीं, पदवी नाहीं, ओळख करून दिलेली नाहीं. वाचणाऱ्यास फातिमा म्हणजे कोण हें ठाऊकच आहे, अशा घरच्या माणसाच्या सहजपणानें सावित्रीबाईंनीं तें नांव लिहिलें आहे.