पाटील, पण कुठले?

वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या पट्ट्यात सोयरीक जमवताना मुलीकडच्या म्हाताऱ्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. समोरच्यानं नाव सांगितलं, ‘पाटील’. त्यावर म्हातारा विचारतो, “ते झालं हो पाव्हणं. पर मूळचं कोण?” या विचारण्यात आगाऊपणा नाही. पाटलांच्या घरची मुलगी पाटलांच्या घरात द्यायला कुणाची हरकत नसते. हरकत निघते ती कूळ आणि देवक एक निघालं तर. त्या हिशेबाला ‘पाटील’ हे आडनाव कुचकामी ठरतं, कारण ते कुळाचं नव्हेच, हुद्द्याचं आहे. मग पाहुणा खालच्या पट्टीत सांगतो, आम्ही मूळचे मोहिते, किंवा जाधव, किंवा पवार. तेव्हा कुठं चहा येतो.

याचं सगळ्यांना ठाऊक असावं असं उदाहरण म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता) ज्यांच्या नावानं प्रतिसरकार ओळखलं गेलं, ते येडे मच्छिंद्रचे नाना मूळचे पिसाळ. नाना रामचंद्र पिसाळ. पाटीलकी घरात होती म्हणून पाटील. गंमत अशी की स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेण्याआधी नाना सरकारी नोकरीत तलाठी होते. म्हणजे आडनाव पाटलाचं आणि काम कुलकर्ण्याच्या जागी आलेल्या माणसाचं.

आपल्याकडे आडनाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची अढळ गोष्ट, अशी एक समजूत आहे. सातारा-सांगलीची जुनी घराणी पाहिली की ती टिकत नाही. इथं आडनाव माणसाच्या मागून चालत असे. वतन मिळालं, गाव सुटलं, राजानं किताब दिला, धंदा बदलला, की आडनावही बदले. ते एका जागी बसलं ते फार उशिरा, कागदावर चढल्यावर. आणि कागदावर चढताना त्या घडीला जे चालू होतं तेच कायमचं झालं.

फलटणचे निंबाळकर घ्या. सईबाईंचं हे माहेर मूळचं पवारांचं. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झालं. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरची पाटीलकी त्यांच्याकडे, म्हणून डफळे. वाईचे रास्ते मूळचे गोखले. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातली. वाईपासून हाकेच्या अंतरावर, मेणवलीला कृष्णाकाठी ज्यांचा वाडा आणि घाट आहे ते नाना फडणीस मूळचे भानू. फडणिशी हे दरबारातलं काम. औंधचे पंतप्रतिनिधी हे तर कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे कुलकर्णी. छत्रपती राजारामांच्या काळात परशुराम त्रिंबकांना प्रतिनिधिपद मिळालं आणि पुढे ते पदच घराण्याचं नाव झालं. घोरपड्यांची आख्यायिका तर शाळकरी पोरांनाही पाठ असते: मूळचे भोसले, बहमनी काळात खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या कड्यावर घोरपड लावून चढले आणि घोरपडे झाले. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. किताबाचं आडनाव होतं यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत नवलाचं वाटतं ते इचलकरंजीकरांचं. कोकणातल्या म्हापणचा नारो महादेव जोशी हा गरीब ब्राह्मणाचा मुलगा कापशीच्या घोरपड्यांकडे वाढला, संताजी घोरपड्यांच्या चाकरीत मोठा झाला आणि धन्याच्या उपकाराची आठवण म्हणून त्यानं धन्याचंच आडनाव घेतलं. जोशी गेले, घोरपडे आले. याच नारो महादेवाच्या मुलाला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी आपली मुलगी अनूबाई दिली. पेशव्यांची लेक घोरपड्यांच्या घरात पडली, आणि ते घोरपडे चित्पावन! आज जातीवरून आडनाव आणि आडनावावरून जात ओळखणाऱ्यांनी इचलकरंजीच्या वाड्यासमोर दोन मिनिटं उभं राहावं. याच घोरपड्यांचे कुलोपाध्याय हरभट पटवर्धन. त्यांच्या मुला-नातवंडांनी पुढे पौरोहित्य सोडून तलवार धरली आणि मिरज, सांगली, जमखंडी, कुरुंदवाडच्या गाद्या उभ्या राहिल्या. त्यांनी मात्र आडनाव बदललं नाही.

हे सगळं ‘आपल्याकडचंच’ असं वाटत असेल तर साताऱ्याच्याच एका साहेबाची गोष्ट ऐका. १८१८ साली मराठी राज्य बुडालं, इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि त्यांच्याशेजारी रेसिडेंट म्हणून एक तरुण स्कॉटिश अधिकारी नेमला. जेम्स ग्रँट त्याचं नाव. साताऱ्यात त्यानं जुनी दफ्तरं, बखरी, करीणे धुंडाळले. १८२६ साली मराठ्यांचा त्याचा तीन खंडांतला इतिहास छापून निघाला. पण आपण त्याला ओळखतो ते ग्रँट डफ या नावानं. हा डफ आला कुठून? विलायतेत परतल्यावर त्याला आईकडून ईडन नावाची जमीनदारी मिळाली आणि जमिनीबरोबर डफ हे आडनावही घ्यावं लागलं. पुढे बायकोकडून आणखी एक मिळकत आली, तेव्हा कनिंगहॅमही जोडलं गेलं. वतनाबरोबर नाव बदलणारी घराणी ज्यानं साताऱ्यात बसून कागदावर उतरवली, त्याचं स्वतःचं आडनाव आई आणि बायको यांच्या वतनांनी लांबवलं. बायकोच्या वारशापायी आडनाव वाढवणारा नवरा साताऱ्यात कुणी सांगितला असता तर लोक हसले असते. त्यानं मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे आपल्या साहेबाचं नाव-आडनाव दोन्ही पोराच्या नावात घातलं. हा मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

इंग्लंडातली आडनावंही अशीच रुजली. तिथला स्मिथ म्हणजे आपला लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे दळणारा. गावाच्या कारभाऱ्याला रीव्ह म्हणत, तेही आडनाव झालं. हे त्यांचे पाटील म्हणायला हरकत नाही. आणि ज्यांच्या शेवटी ‘टन’ येतं त्यांतली पुष्कळशी गावावरून आलेली, आपल्या ‘कर’ची भावंडं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या उत्तरेकडे हर्टबर्नचा विल्यम नावाचा एक सरदार होता. त्यानं आपली जहागीर बदलून वॉशिंग्टन नावाच्या गावची घेतली आणि हर्टबर्नकरांचे वॉशिंग्टनकर झाले. त्याच्या वंशातल्या जॉर्जच्या नावानं अमेरिकेनं राजधानी वसवली. गावाचं आडनाव झालं, आडनावाचं शहर झालं.

हा प्रवास आपल्याकडेही झाला आहे, तोही रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर वाचता येईल असा. किर्लोस हे कोकणातलं गाव, त्यावरून किर्लोस्कर. बेळगावात नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा हवी होती. औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचं निवडुंगानं माजलेलं माळरान देऊ केलं आणि १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. तसंच कराडचं. कराडचं रेल्वे स्टेशन आहे ओगलेवाडीला. काचसामान आणि प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगले बंधूंच्या कारखान्यानं त्या जागेला हे नाव दिलं. कंदील गेले, वाडीचं नाव राहिलं.

किर्लोस्करवाडीला लागूनच पलूस. विष्णु दिगंबर पलुसकर हे मूळचे गाडगीळ. घराणं पलूसचं म्हणून पलुसकर. ते जन्मले १८७२ साली कुरुंदवाडला, शिकले मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्यामुळे एका छोट्या गावाचं नाव साऱ्या हिंदुस्थानभर ऐकू गेलं. गाडगीळ राहिले असते तर पलूसला कोण ओळखतं?

मिरजेचं नाव निघालं म्हणून तिथल्याच एका आडनावाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण असं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. मिरजेत सतारमेकर नावाची घराणी आहेत, त्यांच्या नावाची गल्लीही आहे. ही माणसं मूळची शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे, हत्यारांचे कारागीर. पटवर्धनांच्या फौजा होत्या तोवर काम भरपूर. फौजा गेल्या, हत्यारं भिंतीवर टांगली गेली आणि शिकलगारांचे हात रिकामे झाले. संस्थानात गाणं-बजावणं मात्र वाढत होतं, गवयांची वाद्यं दुरुस्तीला येत होती. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हाती घेतलं आणि दुरुस्त करता करता तंबोरे, सतारी घडवू लागले.

सतारमेकरांच्या दुकानात गेलात तर छताला टांगलेले वाळके भोपळे आधी दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा हा कडू भोपळा खायच्या उपयोगाचा नाही. तो पुरता वाळवायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर साफ करायचा, मग हवा तो आकार देऊन पुन्हा वाळवायचा. लाकडाच्या दांडीला तो जोडल्यावर खरी परीक्षा असते जवारीची. घोडीचा माथा कानसीनं अगदी थोडा थोडा घासत, तार छेडून ऐकत, पुन्हा घासत बसायचं. एक हात जास्त फिरला तर आवाज बसतो. तलवारीची धार डोळ्यांनी पाहता येते, जवारी मात्र कानानंच घासावी लागते. या धंद्यानं शिकलगारांना नवं आडनाव दिलं, आणि ते देताना अर्धं इंग्रजीतून उचललं: सतार आपली, ‘मेकर’ साहेबाचा. कुणी मुद्दाम ठरवलं नसणार. दुकानाच्या पाटीवरचा धंदा कधीतरी घरच्या पाटीवर गेला असेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

खटाव तालुक्यातल्या कटगुणच्या गोऱ्हे घराण्याची वाटही अशीच धंद्यानं वळवली. गावच्या चौगुल्याचं काम करणाऱ्या या माळी घराण्यातल्या एका पुरुषाचं गावच्या कुलकर्ण्याशी हाडवैर झालं आणि त्याला कटगुण सोडावं लागलं. घराणं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला गेलं, तिथून पुण्याला. पुढच्या पिढ्यांनी पेशव्यांच्या दरबाराला फुलं पुरवली. गोऱ्ह्यांचे फुले झाले. कुलकर्ण्याशी ते भांडण झालं नसतं तर महात्मा जोतीराव गोऱ्हे असं लिहावं लागलं असतं.

हे बदल झाले ते गावाच्या तोंडी. इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बारसं, लग्न, मयत नोंदवायला लागले, तिथून आडनावं हळूहळू बसत गेली. आपल्याकडे हे काम एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीनं, सातबाराच्या आधीच्या जमीनपत्रकांनी, पलटणीच्या आणि शाळेच्या रजिस्टरांनी केलं. सातबाऱ्यावर, दाखल्यावर पाटील लागलं की पिसाळ मागं पडला. पुढे सरकारनं कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं बंद केली. हुद्दे गेले. आडनावांना त्या कायद्यात कलम नव्हतं.

साताऱ्यात अशा नोंदीचं एक पान जपून ठेवलेलं आहे. राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी पहिल्या इंग्रजी इयत्तेत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला अनुक्रमांक १९१४, समोर सही. वडील सुभेदार रामजी सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर. त्याचं आंबेडकर कसं झालं याची सर्वांत प्रचलित गोष्ट म्हणजे कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांनी जिव्हाळ्यानं आपलं आडनाव मुलाला दिलं. शाळेत ज्याला पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही अशा मुलाचं आडनाव आधी घराण्याचं, मग गावाचं, मग शाळेचं झालं. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सकपाळ हे नाव चरित्रांत उरलं.

मग ज्याला आपलं जुनं आडनाव शोधायचं असेल त्यानं कुठं जावं? मोडीतले कागद वाचणारे मिळाले तर घरचं दफ्तर आहे, पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना अचानक भाव आला आणि कित्येक घरांतली माळ्यावरची गाठोडी पहिल्यांदा उघडली. पण सांगली, साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या खेड्यांत त्याआधीपासून आणखी एक सोय आहे, ती म्हणजे हेळवी. कर्नाटकातून सुगीनंतर येणारे हे लोक पूर्वी बैलावर बसून गावात शिरत. एकेक घराणं त्यांनी वाटून घेतलेलं. दारात येऊन हेळवी पोथी उघडतो आणि कानडी वळणाच्या मराठीत सुरू करतो: तुमचं मूळ गाव अमुक, तिथून तमक्या साली निघालात, कूळ हे, देवक हे, खापरपणज्याला बायका दोन, थोरलीची मुलं इकडं, धाकटीची तिकडं. गेल्या फेरीनंतर घरात जन्मलेल्यांची नावं तो विचारून लिहून घेतो. मग धान्य, कापड, पैसे, जे ठरलं असेल ते. म्हातारी माणसं त्याच्यासमोर खाली बसतात. तरुण पोरं मोबाईलवर पोथीच्या पानाचे फोटो काढतात, आणि काढता काढता मध्येच विचारतात, “अहो, मग आमचं पाटील कधीपासनं?” हेळवी पानं मागं उलटू लागतो.