लाटांच्या तोंडी आलेले पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा द्वीपसमूह आहे. १८५० सालच्या हिवाळ्यात तेथे मोठे वादळ झाले. मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील वाळूच्या एका टेकाडावरचे गवत उखडले गेले आणि खालच्या दगडी घरांच्या भिंती दिसू लागल्या. स्कारा ब्रे या नावाने जगास परिचित झालेली नवाश्मयुगीन वस्ती ती हीच. ज्या समुद्राने ती उघडकीस आणली, त्याच समुद्रापासून ती वाचविण्याची खटपट आज शंभर वर्षे चालू आहे.

या बेटांवर इमारती लाकूड दुर्मिळ. त्यामुळे येथील रहिवाशांनी घरेच नव्हेत, तर निजण्याच्या चौकटी, फडताळे आणि घराच्या मध्यभागीची चूलही दगडी फरशांची केली. बोळांनी जोडलेली अशी आठ घरे येथे आहेत. ती बांधली होती चक्क उकिरड्यात! राख, हाडे, शिंपले आणि कुजलेला केरकचरा यांचा जाड थर भिंतींभोवती असे. त्यामुळे भिंतींना आधार मिळे आणि घरात ऊब राही.

हा उकिरडा क्षुल्लक समजण्याचे कारण नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विख्यात पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा त्यांना ही वस्ती लोहयुगाच्या काळातील पिक्ट लोकांची वाटली. पुढे १९७२-७३ साली उकिरड्यातील सेंद्रिय अवशेष गोळा करण्यात आले. कार्बन-१४ पद्धतीने त्यांचे कालमापन झाले, तेव्हा वस्तीचा काळ इ. स. पूर्व सुमारे ३१८० ते २५०० असा ठरला. दोन हजारांहून अधिक वर्षांची ही चूक दुरुस्त झाली ती केरकचऱ्यामुळे.

दुर्दैवाने लाटा प्रथम हाच थर नेतात. दगडी भिंत काही काळ टिकते. भोवतीची राख व वाळू टिकत नाही. भरतीच्या लाटा दरडीचा पायथा पोखरतात, वरचा भाग आपल्या भाराने कोसळतो आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी होऊन वाऱ्याबरोबर उडू लागते. एखादे हाड किंवा खापर पुळणीवर सापडते खरे. पण ते कोणत्या थरातून आले हे कळेनासे झाले की त्याची साक्ष निम्मी उणी होते.

१९२४ सालच्या वादळात स्कारा ब्रेचा काही भाग वाहून गेला. त्यानंतर लवकरच तेथे संरक्षक भिंत उभारण्यात आली. भिंतीने घरे राखली. मात्र तिच्या दोन्ही टोकांपलीकडचा किनारा झिजतच राहिला. १९९९ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आले. समुद्राची वाढती पातळी आणि वादळे ध्यानात घेऊन २०१९ साली जे मूल्यमापन झाले, त्यात या वारशास असलेला धोका अत्यंत गंभीर ठरविण्यात आला.

प्रत्येक स्थळाला भिंत घालणे कोणत्याही शासनास परवडणारे नाही. कोणते स्थळ राखावयाचे आणि कोणते नोंद करून सोडून द्यावयाचे, हा निर्णय कटू असला तरी टाळता येत नाही. स्कॉटलंडमध्ये ‘शोअरवॉच’ या उपक्रमाद्वारे किनाऱ्यावरील रहिवाशांनीच अवशेषांवर नजर ठेवली व नोंदी केल्या. (आपल्याकडेही भूमीत सापडलेल्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे १८७८ च्या कायद्याने आवश्यक आहे. किनाऱ्यावरील पंचायतींनी हे ध्यानात ठेवलेले बरे.)

ऑर्कनीतीलच राउझे बेटावर स्वान्ड्रो येथे भिंत नाही. तेथील नवाश्मयुगीन समाधी व नंतरच्या काळातील घरे भरतीच्या पट्ट्यातच आली आहेत. २०१० पासून अनेक वर्षे पुरातत्त्वज्ञांनी उन्हाळ्यात तेथे उत्खनन केले. हंगाम संपला की उघडी केलेली जागा ते धोंडे व वाळूची पोती रचून झाकत आणि पुढच्या उन्हाळ्यात हिवाळ्याने काय शिल्लक ठेवले ते पाहून पुन्हा कामास लागत.