तेरची खेळणी आणि आपली लेकरे

शिल्पकला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ-अजिंठा उभे राहते. काळा पाषाण, छिन्नी-हातोडा आणि दान देणारे राजे-व्यापारी आठवतात. परंतु याच मराठवाड्यात शिल्पाची आणखी एक परंपरा आहे. ती बोटभर-वीतभर उंचीची, भाजलेल्या मातीची आहे आणि लेकरांच्या खेळाशी तिचे जवळचे नाते आहे. दुर्दैवाने तिच्याकडे चळवळीचेही लक्ष गेलेले नाही.

लातूरहून जवळच, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख आहे. आपले कार्यकर्ते तेरला जातात ते त्रिविक्रम मंदिर पाहायला, कारण ही विटांची वास्तू मूळचे बौद्ध चैत्यगृह असावी, असे अनेक संशोधकांचे मत आहे. ते पाहिलेच पाहिजे. परंतु रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूही तितक्याच मोलाच्या आहेत. त्यांत मातीच्या बाहुल्या आहेत, प्राणी आहेत, दिवे आहेत. केसांची भलतीच मोठी रचना केलेल्या स्त्रिया आहेत. काही मूर्ती पूजेच्या असतील, काही शोभेच्या, तर काही निव्वळ खेळण्यासाठी असतील. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्हींत माती बोटांनी दाबून बसवायची, अर्धुके जोडायची, आत पोकळी ठेवायची, म्हणजे भट्टीत मूर्ती तडकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या मुलखातल्या कारागिराला हे शास्त्र अवगत होते.

याहून जुने उदाहरण नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादचे आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना तेथे खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही चाकांवरच्या! सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. इतक्या जड वस्तू मिरवणुकीच्या असाव्यात, असे अभ्यासक म्हणतात. ते खरेही असेल. पण हत्तीला चाके लावावीत, हे ज्याला सुचले त्याच्या मनात लहान मूल जागे होते, यात शंका नाही.

मग प्रश्न असा, की हे घडवणारे कोण होते? आपण या मूर्तींना 'सातवाहनकालीन' म्हणतो. म्हणजे नाव राजघराण्याचे. माती तुडवणाऱ्याचे नाव कोठेच नाही. गावगाड्यात कुंभार बलुतेदारच राहिला. ज्याच्या हातात कला होती त्याच्या पदरात सुगीचे चार पायली धान्य पडले, आणि कलेवर बोलण्याचा अधिकार भलत्यांकडे गेला.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. आई पाण्याला गेलेली, बाप भजनात दंग होऊन माती तुडवतो आहे आणि रांगते लेकरू त्या चिखलात तुडवले जाते. कथेत विठ्ठल ते लेकरू परत देतो. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर या कथेत कष्टकऱ्याच्या घराचे चित्र दिसते. आईबाप दोघेही कामात आणि लेकरू कामाच्या जागीच. आजही नांदेड-लातूरच्या वीटभट्ट्यांवर, उसाच्या फडात हेच चित्र आहे. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो, टोळी मुकादमाच्या मागे जाते आणि मूल शाळा सोडून कोपीत राहायला जाते. मातीच्या ढिगाऱ्यावर वाढणाऱ्या या मुलाच्या हाती माती येते ती विटेसाठी. खेळण्यासाठी येत नाही.

कल्पनाशक्ती जात पाहून जन्माला येत नाही. आमच्या वस्तीत पोळ्याला कोणाच्या दावणीला बैल नव्हता. आम्ही पोरे ओढ्याकाठची चिकणमाती आणून बैल करायचो. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, गाडीला ज्वारीची धाटे. कोणाच्या बैलाला तीन शिंगे असत, कोणाचा बैल घराएवढा असे. ज्यांना जमीन नाही त्यांच्या लेकरांनी मातीतून बैलजोडी उभी केली! पण दोन दिवसांत ती वाळून तडकायची. भट्टीत भाजून ती टिकवावी, चार लोकांना दाखवावी, असे कोणाच्या मनात आले नाही.

हा केवळ हौसेचा विषय नाही, कायद्याचाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाला विश्रांतीचा, खेळण्याचा आणि कलेत सहभागी होण्याचा हक्क देते. डिसेंबर १९९२ मध्ये भारताने ती स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान, ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तो आहे काय? हे विचारण्यासाठी वकील लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी ठराव घ्यावा, माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ साली मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. चांगली गोष्ट आहे. पण किनवट-मुखेडच्या, अहमदपूर-जळकोटच्या मुलाने त्यासाठी मुंबई गाठावी काय?

जयंतीच्या वर्गणीतील थोडा भाग बाजूला काढा. एक सहल तेरला न्या. प्रत्येक विहारात चार घमेली माती आणा. गावातल्या कुंभारदादांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. मुलांना हवे ते करू द्या. महापुरुषांचेच पुतळे करा, अशी सक्ती करू नका. ते भाजून घ्या आणि १४ एप्रिलला विहारात मांडा. फक्त एक करा. प्रत्येक वस्तूखाली ती करणाऱ्या लेकराचे पूर्ण नाव लिहा.