पर्शियन मांजर: नाक कुठे गेलं?

आज बोलायचं आहे पर्शियन मांजराबद्दल. हा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे. कापसाच्या गोळ्यासारखं अंग, नाण्यासारखे गोल डोळे, आणि नाक जवळजवळ नाहीच. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की पुणे, घरात जातिवंत मांजर आणायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या तोंडी पहिलं नाव पर्शियनचंच येतं. हे मांजर आलं कुठून, दिसतं कसं आणि त्याचा स्वभाव कसा असतो, ते आपण क्रमाने पाहू. आणि शेवटी एका प्रश्नाशी थांबू: आपण ज्याला शांत मांजर म्हणतो, ते खरोखर शांत असतं का?

आधी इतिहास. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक उमराव होता. १६१४ मध्ये तो प्रवासाला निघाला आणि फिरत फिरत इराणात, म्हणजे तेव्हाच्या पर्शियात पोचला. तिथून १६२० च्या सुमारास पाठवलेल्या पत्रात त्याने खुरासान प्रांतातल्या मांजरांचं वर्णन केलं: राखाडी रंग, रेशमासारखे मऊ लांब केस, आणि शेपूट तर खारीसारखी झुपकेदार. अशी मांजरं रोमला न्यायचा त्याचा बेत होता. हाच माणूस पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यातही राहून गेला. युरोपात लांब केसांच्या मांजरांची हौस सुरू झाली ती साधारण याच काळात. तुर्कस्तानातल्या अंकारा भागातली 'अँगोरा' मांजरंही त्याच सुमारास फ्रान्समध्ये पोचली होती.

पुढची दोनशे-अडीचशे वर्षं कुणी काटेकोर नोंदी ठेवल्या नाहीत. पर्शियन, अँगोरा आणि युरोपातली स्थानिक मांजरं यांची सरमिसळ होत राहिली. मग १८७१ च्या जुलैमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मांजरांना गुण देणं, वर्गवारी करणं, बक्षिसं देणं हे तिथून रुळलं. प्रदर्शन आलं की नियम येतात. डोकं कसं हवं, कान किती हवेत, डोळ्यांचा रंग कोणता, हे लिहून ठेवलं जाऊ लागलं. वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. आज आपण ज्याला पर्शियन म्हणतो, ती जात खऱ्या अर्थाने इथे, इंग्लंडात आणि नंतर अमेरिकेत घडली.

याला विज्ञानाचाही दुजोरा आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या मांजरांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. त्यात पर्शियन मांजराचं नातं इराणच्या बाजूच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जवळचं निघालं. म्हणजे नाव इराणचं असलं तरी बाकीचं बरंचसं रक्त युरोपातलं आहे.

'हिमालयन' मांजराचंही असंच. नाव ऐकून वाटतं की हे हिमाचल किंवा नेपाळकडचं असेल. तसं काही नाही. पर्शियन आणि सयामी मांजरांच्या संकरातून ते अमेरिकेत आणि इंग्लंडात तयार झालं. अंग फिकट, तोंड-कान-पाय-शेपूट गडद, अशा रंगाचे ससे 'हिमालयन' म्हणून ओळखले जात. तेच नाव या मांजराला चिकटलं.

आता रूप. पर्शियन मध्यम आकाराचं असतं. वजन साधारण ३ ते साडेपाच किलो. केसांमुळे ते दुप्पट मोठं वाटतं. पाय आखूड आणि जाड, छाती रुंद, डोकं मोठं आणि गोल, कान लहान. केसांचे दोन मुख्य थर असतात: वर लांब केस आणि आत दाट मऊ लव. दुकानदार 'ट्रिपल कोट' म्हणतात, तो बाजाराचा शब्द समजा. डोळे बहुतेक तांबूस; चंदेरी चिंचिला प्रकारात हिरवे; पांढऱ्या मांजरात निळे किंवा एक निळा, एक तांबूस. पांढरं आणि निळ्या डोळ्यांचं मांजर बहिरं असण्याची शक्यता जास्त असते, हे घेताना लक्षात असू द्या.

लांब केस ही निसर्गाची देणगी. एका जनुकातल्या बदलामुळे केस जास्त काळ वाढत राहतात. हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लाचे केस लांब होतात. म्हणूनच गावठी मांजरीच्या पोटीही कधीकधी एखादं झुपकेदार पिल्लू येतं. लांब केस दिसले म्हणून मांजर पर्शियन ठरत नाही. जातिवंतपणा ठरतो तो अनेक पिढ्यांच्या नोंदी असलेल्या वंशावळीच्या कागदावर, दुकानदाराच्या शब्दावर नाही.

चपटा चेहरा मात्र माणसाची करणी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत पर्शियन मांजराला चांगलं दिसण्याजोगं नाक आहे. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, पेकिनीज कुत्र्यासारख्या चपट्या तोंडाची पर्शियन मांजरं आवडू लागली. ज्याचं नाक आखूड त्याला बक्षीस, ज्याला बक्षीस त्याची पिल्लं जास्त, आणि त्यांतली सर्वांत चपटी पुन्हा प्रदर्शनात. असं पिढ्यान्पिढ्या चाललं आणि नाक डोळ्यांच्या मधोमध जाऊन बसलं. पुढे ब्रिटनच्या मांजरसंस्थेने नियम केला की नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर नसावी. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेच्या वर्णनात मात्र नाकाचा खळगा दोन डोळ्यांच्या मध्येच हवा आहे.

आपल्या बाजारात याच मोजमापाला 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' अशी नावं आहेत. नाक जितकं आत, तितकी किंमत वर. पण नाक आत जातं तेव्हा त्याच्या मागची जागाही कमी होते. नाकपुड्या अरुंद होतात आणि श्वासाला जोर लागतो. डोळ्यांतलं पाणी नाकात उतरवणारी नळी वाकडी होते, म्हणून ते गालावर ओघळतं आणि तांबूस डाग पडतात. जबडा आखूड, मग दात वेडेवाकडे आणि खाणं अवघड. पिल्लांची डोकी मोठी असल्याने मांजरीची प्रसूतीही अडू शकते.

आता स्वभाव. पर्शियनची ख्याती आहे सौम्यपणाची, आणि ती खरी आहे. आवाज हळू, उड्या कमी, पडद्यावर चढणं नाही. त्याला ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा आवडते. सतत पाहुणे आणि गोंगाट असलेलं घर त्याला मानवत नाही. माणसावर जीव लावतं, पण लगट करत नाही. तुम्ही बसलेल्या खोलीत येऊन चार हातांवर पसरतं, एवढंच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, वयस्कर मंडळींना हा स्वभाव फार आवडतो.

सुरुवातीचा प्रश्न इथे येतो. मांजर खेळत नाही, कारण त्याचा स्वभाव तसा आहे, की दोन उड्यांतच त्याला धाप लागते म्हणून? दोन्ही मांजरं दुरून सारखीच दिसतात. फरक जवळून कळतो. झोपेत घोरणं, जागेपणी श्वासाचा आवाज, खाताना मध्येच थांबून दम घेणं, ही शांतपणाची लक्षणं नव्हेत. कुत्र्याचं धापा टाकणं नेहमीचं, मांजराचं नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेताना दिसलं तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. नागपूर, अहमदाबाद, हैदराबादच्या उन्हाळ्यात तर हे विशेष जपायला हवं. मांजराला घाम येतो तो फक्त तळपायांना. अंग चाटून, ओल सुकवून ते गार होतं, आणि दाट केसांत तो उपाय तोकडा पडतो. दुपारी गार खोली, पंखा आणि भरपूर पाणी याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. या जातीत एक आनुवंशिक आजार आहे, ज्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. जनुक चाचणी उपलब्ध होण्याआधी वेगवेगळ्या देशांत तपासलेल्या पर्शियन मांजरांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मांजरांत तो आढळला होता. आई-बापांपैकी एकाला असला तरी प्रत्येक पिल्लाला तो होण्याची शक्यता निम्मी. वाईट हे, की लक्षणं बहुधा सहा-सात वर्षांनी दिसतात, तोवर त्या मांजराला पिल्लं होऊन गेलेली असतात. चांगलं हे, की दोषी जनुक २००४ मध्ये सापडलं आणि आता गालाच्या आतल्या बोळ्यावरून किंवा रक्तावरून चाचणी करता येते.

म्हणून पिल्लू घेणार असाल तर एवढं करा. आई-बाप दाखवा म्हणा आणि त्यांच्या चाचणीचा कागद मागा. पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या आहेत का, श्वासाचा आवाज येतो का, ते शांतपणे दहा मिनिटं बसून पाहा. नाक दिसणारं, 'डॉल फेस' पिल्लू निवडा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं आपल्याकडच्या २०१८ च्या नियमांत बसत नाही. तसं कुणी देत असेल तर तिथून उठा. आणि घरात रोज दहा-पंधरा मिनिटं विंचरायला कोण बसणार, हे आधी ठरवा. चार-पाच दिवस चुकले की काखेत आणि पोटाखाली केसांच्या जटा होतात, त्वचा ओढली जाते आणि मांजर हात लावू देत नाही.

हा चेहरा कुणी क्रूरपणाने घडवला नाही. हौसेने घडवला. बक्षीस देणाऱ्यांना तो आवडला, विकत घेणाऱ्यांना आवडला, म्हणून तो तसा झाला. तेव्हा तो बदलणंही घेणाऱ्यांच्याच हातात आहे. दुकानात 'याच्यापेक्षा जरा नाक असलेलं दाखवा' असं चार जण म्हणाले, तर पाचव्यासाठी तसं पिल्लू तयार असेल.

तुमच्या घरी पर्शियन असेल तर आज रात्री ते झोपल्यावर दोन मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि श्वास ऐका. भेटू पुढच्या भागात.