भोंग्याचं युनिट कशानं जळतं? ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी अशी जमवा



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्यात, इंजिनं उघडलीत, जाळ्यांची डागडुजी चालू आहे. याच दिवसांत बंदरावरचा भोंगाही खाली उतरवून तपासून घ्यावा, म्हणून ही पोस्ट.

समुद्राची खबर आता लांबून येते. हैदराबादला ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. मासळी कुठं सापडेल याचा अंदाज, लाटांची उंची, त्सुनामीचा इशारा हे सगळं तिथून निघतं. वाऱ्या-वादळाचा इशारा हवामान खातं देतं. हे मोबाईलवर मिळतं खरं. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाईलही बंद पडले. अशा वेळी एखाद्याच्या रेडिओवर खबर आली, तरी ती सगळ्या वाडीला सांगायला बॅटरीवरचा भोंगाच लागतो. तोच मुका असेल तर खबर बंदरावरच अडकते.

युनिटमध्ये एक बारीक तारेची कॉइल असते, ती लोहचुंबकाच्या फटीत हलते आणि पातळ पडदा हलवते. ती मरते दोनच कारणांनी: जास्त तापली म्हणून, नाहीतर जास्त हलली म्हणून. पुढचं सगळं या दोन गोष्टींतून येतं.

🔹 वॅट बघताना

स्पीकरवर सलग (आरएमएस), प्रोग्रॅम आणि पीक असे तीन आकडे असू शकतात. साधारणपणे प्रोग्रॅम सलगच्या दुप्पट आणि पीक चौपट धरतात. म्हणजे खोक्यावर मोठ्या अक्षरात २०० वॅट असेल, पण तो पीकचा आकडा असेल, तर स्पीकर खरा ५० वॅटचाच. जोडी लावताना सलग वॅटच बघा. ॲम्प्लिफायरचे वॅटही आरएमएसमध्येच विचारा.

जाणता माणूस मशीनवर बसणार असेल तर ॲम्प्लिफायर स्पीकरच्या दीडपट ते दुप्पट चालतो. पण आपल्याकडे येणारा-जाणारा बटन फिरवतो. तिथं दोन्हीचे वॅट सारखेच ठेवा.

🔹 लहान मशीन म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

मशीन लहान पडलं की आपण बटन शेवटपर्यंत फिरवतो. मग आवाज फाटतो. म्हणजे काय होतं? मशीनला जेवढी लाट उंच करता येते तिथं लाटेचा माथा कापला जातो आणि ती सपाट होते. अशी कापलेली लाट जास्त वेळ उंचीवर राहते, म्हणून कॉइल जास्त तापते. १०० वॅटचं मशीन पूर्ण ताणलं तर जवळजवळ २०० वॅट बाहेर टाकू शकतं. पेटी स्पीकरात असा फाटलेला आवाज आधी ट्वीटरचा जीव घेतो. म्हणून आवाज फाटला की लगेच बटन मागे घ्या.

आवाज पोचत नाही म्हणून नुसते वॅट वाढवूनही फार मिळत नाही. वॅट दुप्पट केले तर कानाला थोडासाच फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा वाडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक भोंगा लावणं स्वस्त आणि चांगलं.

🔹 ओहम म्हणजे इंजिनावरचा भार

लहान इंजिनाला मोठा पंखा लावला तर इंजिन काळा धूर ओकतं. ओहमचं तसंच आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. ओहम जितके कमी तितका मशीनवर भार जास्त. मशीनच्या मागे किमान ४ ओहम लिहिलं असेल तर २ चा भार टाकू नका. मशीन तापेल, बंद पडेल किंवा जळेल.

🔹 लांबच्या खांबासाठी १०० व्होल्ट लाइन

८ ओहमच्या युनिटला १०० मीटर लांब ०.७५ चौरस मिमी तांब्याची जोडतार टाकली, तर जाऊन-येऊन जवळपास ५ ओहम तारेतच होतात. युनिटपर्यंत ४० टक्क्यांहूनही कमी ताकद पोचते. म्हणून लांब अंतराला मशीनचं १०० व्होल्टचं टर्मिनल वापरतात आणि प्रत्येक भोंग्याला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावतात. तिथं ओहमचा हिशेब नाही, फक्त वॅट बेरजेत धरायचे. ३० वॅटवर लावलेले चार भोंगे म्हणजे १२० वॅट. त्याला १५० वॅटचं मशीन घ्या, थोडी जागा शिल्लक राहू द्या.

⚠️ ट्रान्सफॉर्मर नसलेलं ८ ओहमचं युनिट १०० व्होल्टच्या टर्मिनलला कधीच जोडू नका. हिशेबाने १२५० वॅटची मागणी होते. मशीनकडे एवढी ताकद नसली तरी युनिट जळायला, मशीन बिघडायला क्षणभर पुरतो.

🔹 भोंग्यावर बेस नको

भोंगा बोलण्यासाठी आहे. खालच्या सुरांना त्याचा कर्णा आधार देत नाही, त्यामुळे पडदा मोकळा सुटतो, हवा तितका हलतो आणि फाटतो. नारळी पौर्णिमेला ढोल-बेसची गाणी लावायची असतील तर पेटी स्पीकर आणा. भोंगा वापरताना बेसचं बटन कमी करा, मशीनला लो-कट असेल तर चालू ठेवा.

🔹 वापरताना

• आधी माईक-मिक्सर चालू करा, ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी.
• माईकची शिट्टी वाजली की लगेच आवाज कमी करा. ती शिट्टीही कॉइल तापवते.
• बॅटरी उतरली की मशीनची ताकद कमी होते आणि आवाज लवकर फाटतो. वादळाआधी बॅटरी भरून ठेवा.
• भोंग्याचं तोंड थोडं खाली झुकवा, पाणी साचणार नाही. खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडतात, ती घासून घट्ट करा.
• तपासणीला ट्रान्सफॉर्मर सोडवून युनिटला मीटर लावा. ८ ओहमचं चांगलं युनिट साधारण ६ ते ७ ओहम दाखवतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर आधी तार बघा. तार ठीक असेल तर कॉइल तुटलीय.

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा नियम आहे. सार्वजनिक आपत्तीला त्यात सूट आहे. म्हणजे मध्यरात्री इशारा द्यायची वेळ आली तर कायदा आडवा येत नाही. आडवं येईल ते जळकं युनिट.

तेव्हा बंदी उठायच्या आत एक दिवस काढा. मशीनच्या मागचे आणि भोंग्यावरचे आकडे वहीत लिहा, बेरीज करा, जोडी जमते का बघा. ज्याच्याकडे मशीनची किल्ली असते त्याला ही पोस्ट नक्की दाखवा.