नडगीत उगवलेली कूर्चा

पायांचे कालवण आवडीने खाणाऱ्याला कूर्चा कशी असते हे वेगळे सांगावे लागत नाही. हाडाच्या टोकावर चढलेला तो निळसर पांढरा, तुळतुळीत, दाताखाली कुरकुरणारा थर म्हणजे कूर्चा. त्याच हाडाच्या दांड्यावर एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. ओढला तर सालीसारखा सुटतो. त्याचे नाव पेरिऑस्टियम. ताटात या दोघांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. जिवंत प्राण्याच्या नडगीवर मात्र या पापुद्र्याखाली नवी कूर्चा वाढवता येते, ती काढून गुडघ्यात बसवता येते आणि तिथे ती टिकतेही. सशांमध्ये हे करून झाले आहे.

यात नवल काय, ते कळण्यासाठी कूर्चेचा स्वभाव ठाऊक हवा. माणसाच्या गुडघ्यात ती जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असते. तिच्यावरून दुसरी कूर्चा सरकते ती बर्फावरून बर्फ सरकावा त्याहूनही सहज. तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. उरलेल्या भागात कोलॅजेनचे तंतू आणि ते पाणी धरून ठेवणारे ॲग्रीकॅन नावाचे अवाढव्य रेणू. पेशी फारच थोड्या, आकारमानाच्या दोन-चार टक्के. पाऊल टेकले की पाणी दाबाने बाहेर पडते, उचलले की पुन्हा आत शिरते. या ये-जा करणाऱ्या पाण्यावरच तिथल्या पेशी जगतात, कारण कूर्चेत रक्तवाहिनी नाही. संवेदना नेणाऱ्या चेताही नाहीत. ‘गादी झिजली’ असे आपले डॉक्टर म्हणतात तो शब्द चपखल आहे. पण ही गादी झिजताना मालकाला पत्ता लागू देत नाही. खालचे हाड बोलू लागले की मगच कळते.

कापलेले बोट भरून येते ते रक्तामुळे. रक्त गोठते, त्यातून दुरुस्तीच्या पेशींना निरोप जातो, त्या येऊन कामाला लागतात. कूर्चेत रक्तच नाही, तर निरोप कोण नेणार? लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. याला एक चमत्कारिक दुजोरा २०१६ मध्ये मिळाला. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे १९५० आणि १९६० च्या दशकांत हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो त्या काळी घडत असलेल्या ऊतींत मुरला. डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्यातल्या कूर्चेतील या कार्बनवरून कोलॅजेनचे वय काढले. ते वाढत्या वयात विणले गेले होते, आणि त्यानंतर जवळपास बदललेच नव्हते. साठीच्या माणसाच्या गुडघ्यातले धागे त्याच्या शाळकरी दिवसांतले असतात.

मग डॉक्टरांनी रक्तच तिथे नेले. कूर्चेला पडलेल्या खड्ड्याच्या तळाशी, खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडायची, म्हणजे मज्जेतले रक्त आणि मूळ पेशी वर येतात. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. खड्डा भरतो खरा, पण जे भरते ते बहुतांशी तंतुमय, डाग दिल्यासारखे. मूळच्या काचेसारख्या कूर्चेचा टिकाऊपणा त्याला नसतो.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या गटाने दुसरी वाट धरली. रुग्णाच्याच सांध्यातून कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि खड्ड्यात सोडायच्या. १९९४ मध्ये त्यांनी २३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा गुडघा चांगला झाला. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या सात जणांत मात्र दोघांनाच तसा गुण आला. ही पद्धत पुढे जगभर गेली. पण तिच्यात दोन शस्त्रक्रिया आल्या, महागडी प्रयोगशाळा आली, आणि पेशींचा एक खोडकर गुणही आड आला: सपाट काचपात्रात वाढवल्या की कूर्चेच्या पेशी आपण कूर्चेच्या आहोत हे हळूहळू विसरतात. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी खड्ड्यात सोडलेल्या पेशी वाहून जाऊ नयेत म्हणून वर झाकण शिवले होते. ते झाकण होते नडगीवरून सोलून घेतलेला पेरिऑस्टियमचा तुकडा.

हा पापुद्रा नुसते झाकण नाही. त्याच्या आतल्या थरात अशा पेशी असतात की ज्यांचे हाड होऊ शकते आणि कूर्चाही. काय व्हायचे, हे परिस्थितीवर ठरते. गर्भात आपला बहुतेक सांगाडा आधी कूर्चेचाच असतो. त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि त्याचे हाड होते. मोडलेले हाड जुळतानाही तेच नाटक छोट्या रंगमंचावर होते. मोडीच्या मधोमध, जिथे रक्त नीट पोचत नाही, तिथे आधी कूर्चा बनते आणि मग रक्तवाहिन्या येऊन तिचे हाड करतात. ज्या रक्ताच्या अभावाने कूर्चा दुरुस्त होत नाही, तोच अभाव तिला जन्म देतो. मला तरी या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

२००५ मध्ये संशोधक मॉली स्टीव्हन्स, रॉबर्ट लँगर, प्रसाद शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच धागा पकडला. पांढऱ्या न्यूझीलंड सशांच्या नडगीवर त्यांनी पेरिऑस्टियम आणि हाड यांच्यामध्ये जेल भरून एक पोकळी तयार केली. बाहेरून एकही पेशी घातली नाही. शरीराने ती पोकळी जखम समजून भरायला घेतली आणि सहा आठवड्यांत तिथे अस्सल हाड तयार झाले. ते काढून दुसऱ्या पायाच्या नडगीतल्या खाचेत बसवले, तर तिथेही ते एकजीव झाले. मग त्यांनी त्याच पोकळीत रक्तवाहिन्यांची वाढ रोखून प्राणवायू कमी पडू दिला. या वेळी हाड झाले नाही, कूर्चा झाली.

पाच वर्षांनी नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्टमधील पीटर एमान्स आणि शास्त्री यांनी ही कृती आणखी सोपी केली. त्यांनी वापरलेले जेल ॲगरोजचे होते. घरी चायना ग्रासचे पुडिंग करतात, ते चायना ग्रास ज्या समुद्री शेवाळापासून निघते त्याच कुळातला हा पदार्थ. पापुद्र्याखाली तो टोचला की प्राणवायूची चणचण आपोआप होते, असा त्यांचा अंदाज होता. तीन आठवड्यांत तिथे कूर्चेचा गोळा तयार झाला. तो काढून सशाच्या सांध्यातल्या खड्ड्यात घट्ट दाबून बसवला. आजूबाजूशी आणि खालच्या हाडाशी तो चांगला जुळला, आणि नऊ महिन्यांनंतरही त्यात चुना साचून हाड होऊ लागलेले दिसले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दुरुस्तीला गुण देतात, त्यात या सशांना सरासरी ११ मिळाले; ज्यांचा खड्डा तसाच ठेवला होता त्यांना ४. पूर्ण गुण अजून दूर होते.

२०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ही युक्ती थेट सांध्यात आणली. उंदरांच्या सांध्यात आधी स्टेडमनसारखीच छिद्रे पाडली. वर आलेल्या मूळ पेशींना हाडाच्या वाटेला लावणारे एक प्रथिन दिले, पण रक्तवाहिन्या वाढवणारा संदेश अडवून धरला. पेशी हाडाकडे निघाल्या आणि अर्ध्या वाटेवर, कूर्चेच्या मुक्कामाला, थांबल्या.

उंदीर आणि ससे यांच्यावरून माणसाचा हिशेब मांडताना हात आखडता घ्यावा. सशाच्या गुडघ्यातली कूर्चा एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच जाड असते, आणि आपल्या देहाचे ओझे तिला पेलावे लागत नाही. शिवाय खेळताना पडलेला एक खड्डा वेगळा आणि सत्तरीत चहूबाजूंनी घासलेला सांधा वेगळा. पहिल्याचे उपाय दुसऱ्याला लागू पडतील असे भासवून गुडघ्यात ‘स्टेम सेल’ टोचून देणाऱ्या जाहिराती सध्या बोकाळल्या आहेत. त्यांचा वर सांगितलेल्या प्रयोगांशी नावापुरताच संबंध आहे.

घासलेल्या सांध्यासाठी माणसांत झालेला एक प्रयोग मात्र सांगण्यासारखा आहे. त्यात ना जेल होते, ना पेशी, ना औषध. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या डॉक्टरांनी साठीच्या आतल्या २० रुग्णांचा गुडघा बदलण्याऐवजी तो ताणून धरला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत सळया घालून, बाहेरून चौकट लावून, दोन्ही हाडांत सुमारे पाच मिलिमीटरची फट ठेवली. चौकटीत स्प्रिंग होत्या, म्हणून त्या पायावर भार देऊन चालता येत होते आणि सांध्यातल्या द्रवाचा दाब कमीजास्त होत होता. सळयांच्या भोवती त्वचेला संसर्ग होण्याचा त्रास असतोच. दोन महिन्यांनी चौकट काढली. वर्षभराने एमआरआय केले तेव्हा कूर्चेची सरासरी जाडी २.४ वरून ३.० मिलिमीटर झाली होती आणि उघड्या पडलेल्या हाडाचा भाग २२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. नडगीवरच्या पापुद्र्याखाली जशी पोकळी केली होती, तशीच ही फट. फक्त या वेळी ती सांध्यातच होती.